फुगा, तारण आणि रिझर्व्ह बँक

(मंगळवार पेठ, कोल्हापूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सोने, चांदी, जमीन, शेअर यांचे भाव जेव्हा कमाईशी फारकत घेऊन चढू लागतात तेव्हा देशाच्या मध्यवर्ती बँकेने काय करावे, हा आजचा प्रश्न आहे. ऐकायला तो मुंबईच्या मिंट रोडवरच्या रिझर्व्ह बँकेचा वाटतो, पण कोल्हापूरकरांना तो परका नाही. गुजरीत सोन्याचा भाव, हुपरीत चांदीचा, शाहूपुरीत गुळाचा आणि शहराच्या चारी बाजूंना गुंठ्याचा. या चार भावांवर इथल्या किती घरांची लग्ने, शिक्षणे आणि कर्जे ठरतात हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. एप्रिल 2025 मध्ये दहा ग्रॅम सोन्याने जीएसटी धरून एक लाखाचा टप्पा गाठला तेव्हा काही घरांत आनंद झाला, काही घरांत चिंता.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला ते तपासत ऐकता येईल. भाव योग्य की अयोग्य हे मध्यवर्ती बँकेला कळत नाही आणि कळल्याचा आव तिने आणू नये. मात्र तो भाव किती कर्जावर उभा आहे हे तिला कळते, मोजता येते आणि आवरताही येते. आपल्या रिझर्व्ह बँकेने जेव्हा जेव्हा हे काम केले तेव्हा देश वाचला. जेव्हा तिची नजर चुकली तेव्हा भुर्दंड सामान्य ठेवीदाराने भरला.

सुरुवात रिझर्व्ह बँकेच्याही आधीपासून करू. एप्रिल 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेना. मग खानदेश, वऱ्हाड आणि गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. इथपर्यंत खोटे काही नव्हते. कापूस दुर्मीळ होता म्हणून महाग होता. खोटेपणा पुढच्या पायरीवर सुरू झाला. आलेला पैसा ठेवायला जागा नव्हती, म्हणून कंपन्या निघाल्या: बँका, वित्तसंस्था, आणि समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या पाच हजार रुपयांच्या शेअरला पन्नास हजारांच्या घरात भाव लागला. जमीन अजून पाण्याखाली होती.

त्या काळी मध्यवर्ती बँक नव्हती. तिच्या सर्वांत जवळची संस्था म्हणजे 1840 साली स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे. सरकारचा तिच्यात भाग होता, सरकारचे संचालक होते, सरकारी शिल्लक तिच्याकडे असे. तिच्या मूळ सनदेत कर्ज देण्यावर कडक बंधने होती. 1863 च्या कायद्याने ती सैल झाली आणि शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. नेमक्या त्याच वेळी बाजार उसळत होता. बँकेने शेअर तारण घेऊन पैसे दिले, त्या पैशांतून आणखी शेअर घेतले गेले, ते पुन्हा तारण म्हणून आले. कापसाचे मोठे व्यापारी आणि सट्ट्याचे म्होरके प्रेमचंद रायचंद यांचे बँकेच्या कारभारावर केवढे वजन होते, हे पुढे चौकशीत बाहेर आले.

एप्रिल 1865 मध्ये युद्ध संपले. कापूस कोसळला. 1 जुलै 1865 हा वायद्यांचे हिशोब चुकते करण्याचा दिवस होता, आणि त्या दिवशी मुंबईतली बरीच मोठी नावे बुडाली. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर 2,850 रुपयांपर्यंत गेला होता तो 87 रुपयांवर आला. 1868 मध्ये जुनी बँक गुंडाळून त्याच नावाची नवी काढावी लागली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. दिनशा वाच्छा यांनी या साऱ्या प्रकरणावर 1910 साली पुस्तक लिहिले.

यातून मी एवढेच घेतो, की मुंबईचा नाश कापसाच्या भावाने केला नाही. तारणाचे नियम भाव चढत असताना सैल केले गेले, त्याने केला. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी त्याची गरज पडणार आहे.

आता जगाकडे पाहू. गेली तीस वर्षे या प्रश्नावर अर्थशास्त्रात दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष म्हणतो, फुगा फुगत असताना ओळखता येत नाही. म्हणून महागाईवर लक्ष ठेवा, आणि फुटलाच तर व्याजदर झटपट उतरवून पडझड आवरा. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन या पक्षाचे. 5 डिसेंबर 1996 रोजी त्यांनी शेअर बाजाराच्या अविवेकी उत्साहाबद्दल जाहीर शंका घेतली, पण नंतर तीन वर्षे बाजार चढतच राहिला आणि त्यांनी त्यासाठी म्हणून दर वाढवला नाही. 2000 साली तंत्रज्ञानाचे शेअर कोसळले. फेडने साडेसहा टक्क्यांचा दर जून 2003 पर्यंत एक टक्क्यावर आणला. त्या स्वस्त पैशाने घरांच्या किमती फुगायला मदत केली, असे अनेक जाणकार मानतात. एक पडझड सावरताना दुसरीची पेरणी झाली, आणि 2008 मध्ये साऱ्या जगाने ते पीक कापले.

दुसरा पक्ष म्हणतो, फुगा वाढत असतानाच दर चढवा. बाझलच्या बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्समधले क्लॉडिओ बोरिओ आणि विल्यम व्हाइट यांनी ही बाजू लावून धरली. महागाई शांत असतानाही कर्ज बेसुमार वाढत असेल तर तेच संकटाचे लक्षण, असे त्यांचे म्हणणे. निदान बरोबर होते. औषधाबद्दल मात्र मतभेद राहिले, आणि त्याला कारणे आहेत.

जपानचे उदाहरण घ्या. 1987 च्या फेब्रुवारीत बँक ऑफ जपानचा दर अडीच टक्क्यांवर आला आणि दोन वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिला. टोकियोच्या जमिनी आणि शेअर आभाळाला भिडले. 29 डिसेंबर 1989 रोजी निक्केई निर्देशांक 38,915 वर बंद झाला. मे 1989 पासून ऑगस्ट 1990 पर्यंत दर सहा टक्क्यांवर नेण्यात आला, शिवाय 1990 मध्ये जमिनीवरच्या कर्जवाढीला मर्यादा घातली गेली. फुगा फुटला, पण त्याबरोबर बँकाही आतून पोखरल्या गेल्या, कारण तारण सगळे जमिनीचे होते. निक्केईने ती जुनी पातळी पुन्हा ओलांडली ती 2024 च्या फेब्रुवारीत. चौतीस वर्षांनी.

स्वीडनची चूक उलट्या बाजूची. घरकर्जे फार वाढली या काळजीने तिथल्या रिक्सबँकेने 2010 ते 2011 मध्ये दर पाव टक्क्यावरून दोन टक्क्यांवर नेला. लार्स स्वेन्सन हे मंडळातले सदस्य सतत विरोधी मत नोंदवत होते. पुढे महागाई शून्याजवळ घसरली, आणि 2015 मध्ये त्याच बँकेला दर शून्याच्या खाली न्यावा लागला.

दोन्ही पक्षांची अडचण एकाच ठिकाणी आहे. व्याजदर हे हत्यार सगळ्यांना सारखे लागते. समजा मुंबईतल्या फ्लॅटच्या किमती खाली आणायला रेपो दर दीड टक्क्याने वाढवला. ज्याला वर्षाला तीस टक्के फायद्याची आशा आहे तो दीड टक्क्याला घाबरणार नाही. पण शिरोलीतला फाउंड्रीवाला आणि इचलकरंजीतला यंत्रमागवाला, ज्यांचा नफाच शेकड्याला चार-पाच, ते मेटाकुटीला येतील. सट्टेबाज मोकळा आणि कारागीर अडकलेला, अशी ही शिक्षा होते.

मग तिसरा मार्ग आहे का? आहे, आणि तो आपल्याकडे जुना आहे. परदेशी पुस्तकांत 2008 नंतर त्याला मोठे नाव मिळाले, पण आपली रिझर्व्ह बँक तो पन्नास वर्षे आधीपासून चालत होती.

1 एप्रिल 1935 रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात बँक दर तीन टक्के ठरला, आणि तो थेट नोव्हेंबर 1951 पर्यंत तीन टक्केच राहिला. मधल्या काळात महायुद्ध झाले, नोटांचा सुळसुळाट झाला, सोने-चांदी भडकली. 11 ऑगस्ट 1943 रोजी महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेने ब्रिटन आणि अमेरिका यांच्या वतीने बाजारात सोने विकायला काढले. लोकांच्या हातातला जादा पैसा शोषून घेणे हा हेतू होता. दर न हलवता बाजारावर काम करण्याची सवय या बँकेला तेव्हापासूनची.

मे 1956 मध्ये या सवयीला नियमाचे रूप आले. दुसरी पंचवार्षिक योजना नुकतीच सुरू झाली होती, धान्याचे भाव चढत होते आणि व्यापारी बँकेच्या पैशावर साठे करत होते. रिझर्व्ह बँकेने 1949 च्या बँकिंग कायद्याच्या कलम 21 खाली आदेश काढला: भात आणि तांदळाच्या तारणावर अमुक मर्यादेपलीकडे कर्ज नको, आणि मार्जिन वाढवा. बँक दर जागचा हलला नाही. पुढे या यादीत तेलबिया, कापूस, साखर आले, आणि गूळही आला. शाहू महाराजांनी 1895 साली वसवलेल्या शाहूपुरी पेठेतल्या गुळाच्या व्यापाराशी या मार्जिनचा थेट संबंध होता.

ते मार्जिन काम कसे करते, याचा हिशोब कागदावर मांडून पाहा. एका व्यापाऱ्याकडे स्वतःचे 100 रुपये आहेत. त्याने 100 चा गूळ घेतला आणि तारण ठेवला. बँकेचे मार्जिन 40 टक्के असेल तर त्याला 60 रुपये मिळतात. त्या 60 चा गूळ घेऊन पुन्हा तारण ठेवला, 36 मिळाले. असे करत गेले तर 100 रुपयांच्या भांडवलावर तो शेवटी 250 रुपयांचा साठा धरू शकतो. आता मार्जिन 60 टक्के करा. तोच माणूस, तेच 100 रुपये, पण साठा जेमतेम 167 चा. बाकीचे गुळाचे रवे त्याला बाजारात सोडावे लागतात. गुऱ्हाळवाल्याला याची झळ नाही, फाउंड्रीला नाही, घरकर्ज घेणाऱ्या शिक्षकाला नाही. झळ फक्त साठ्याला.

या पद्धतीत दोष होते. बाबूगिरी होती, पळवाटा होत्या, खरा व्यापारीही कधी भरडला जाई. उदारीकरणानंतर 1990 च्या दशकात ही बंधने बहुतेक उठवली गेली, ते योग्यच झाले. पण त्यांच्या मागचे तत्त्वही अडगळीत टाकावे असे नव्हते. ते टाकले तर काय होते, याचा धडा त्याच दशकाच्या आरंभी मिळाला.

सेन्सेक्स 15 जानेवारी 1992 रोजी दोन हजारांवर गेला, 29 फेब्रुवारीला तीन हजारांवर, 30 मार्चला चार हजारांवर, आणि 22 एप्रिलला 4,467 वर. तीन महिन्यांत दुपटीहून अधिक. कारखान्यांचे उत्पादन तीन महिन्यांत दुप्पट होत नसते. पैसा येत होता बँकांतून. सरकारी रोखे विकून ठरल्या तारखेला परत घेण्याच्या, म्हणजे रेडी फॉरवर्ड, व्यवहारांच्या नावाखाली, बँक रिसीट नावाच्या चिठ्ठ्यांवर, त्यांतल्या काही तर पाठीमागे रोखेच नसलेल्या, हर्षद मेहता आणि इतर दलालांकडे बँकांचे पैसे जात होते. जानकीरामन समितीने चार हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेचा घोळ दाखवला. त्या वेळी व्याजदर काही कमी नव्हते. दर चढा असूनही फुगा फुगला, कारण कर्जाच्या दारावर पहारा नव्हता.

यानंतरचा अध्याय उजळ आहे. सप्टेंबर 2003 ते सप्टेंबर 2008 या काळात यागा वेणुगोपाल रेड्डी गव्हर्नर होते. परदेशी पैसा धो धो येत होता, घरकर्जे आणि बिल्डरांची कर्जे वेगाने वाढत होती. रेड्डींनी रेपो दर सावकाश वाढवलाच, पण मुख्य काम केले ते जोखीम भाराने. हा शब्द अवघड वाटेल, हिशोब सोपा आहे. बँकेने 100 रुपये कर्ज दिले आणि त्यावर भार 100 टक्के असेल तर तिला स्वतःचे 9 रुपये भांडवल बाजूला ठेवावे लागते. भार 150 टक्के केला की साडेतेरा. म्हणजे तेच कर्ज बँकेला महाग पडते, आणि बुडाले तर सोसायला गाठीला जास्त असते. व्यापारी बांधकामांच्या कर्जावरचा भार जुलै 2005 मध्ये 100 वरून 125 टक्के झाला आणि मे 2006 मध्ये 150 टक्के. डिसेंबर 2004 मध्ये घरकर्जांवरचा भार 50 वरून 75 टक्के केला गेला होता. व्यापारी बांधकामांसारख्या क्षेत्रांतल्या, अजून थकीत नसलेल्या कर्जांवरची तरतूदही 2007 च्या आरंभी दोन टक्क्यांवर नेली गेली. बिल्डर रागावले, बँका कुरकुरल्या, वृत्तपत्रांनी भित्रेपणाचा शिक्का मारला.

फुगा थांबला का? नाही. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्सने 21 हजार पाहिले आणि ऑक्टोबरात तो नऊ हजारांखाली आला. पण अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बँक कोसळली, ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारात रांगा लागल्या, तेव्हा आपल्याकडची कोणतीही मोठी बँक बुडाली नाही. याचे सारे श्रेय एका नियमाला देणे बरोबर नाही. सरकारी मालकीचा आणि बंदिस्त बाजाराचाही त्यात वाटा होता. तरी दोन गोष्टी स्पष्ट आहेत. भाव पडले आणि बँका उभ्या राहिल्या. शिवाय नोव्हेंबर 2008 मध्ये संकट आल्यावर हेच भार आणि तरतुदी पुन्हा खाली आणून बँकांना श्वास घ्यायला जागा दिली गेली. तेजीत आवळले होते म्हणून मंदीत सोडता आले.

खासबागेच्या मैदानात पंच कोणाची कुस्ती निकाली होणार हे ठरवत नाही. पकड नियमात आहे का एवढेच पाहतो. मध्यवर्ती बँकेची भूमिका अशीच असावी.

हाच मार्ग नंतरही वापरला गेला. डिसेंबर 2010 मध्ये घराच्या किमतीच्या साधारण 80 टक्क्यांपर्यंतच कर्ज, असा नियम झाला. नोव्हेंबर 2023 मध्ये विनातारण वैयक्तिक कर्जांवरचा भार 100 वरून 125 टक्के झाला आणि त्या कर्जांची घोडदौड मंदावली. रेपो दर मात्र तेव्हाही साडेसहा टक्क्यांवरच होता.

आता आपल्या दारात येऊ: सोनेतारण. 2012 मध्ये सोन्यावर कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्यांना किमतीच्या 60 टक्क्यांची मर्यादा घातली गेली, ती जानेवारी 2014 मध्ये 75 झाली. जून 2025 मध्ये नवे नियम आले: अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला 85 टक्के, पाच लाखांपर्यंत 80, त्यापुढे 75. या नियमांत चांगले पुष्कळ आहे. मूल्यांकन मागच्या तीस दिवसांच्या सरासरी भावाने किंवा आदल्या दिवसाच्या भावाने, जो कमी असेल त्याने करायचे. मुदतीअखेर एकरकमी फेडायच्या कर्जात व्याज धरून मर्यादा मोजायची. सोने विकत घेण्यासाठी कर्ज द्यायचे नाही. छोट्या कर्जदाराला सावकाराच्या दारातून बँकेत आणण्याचा हेतूही चांगला आहे.

पण गुळाचा तोच हिशोब इथे लावा. 85 टक्के कर्ज म्हणजे मार्जिन 15 टक्के. नियम काही म्हणो, हातात आलेला पैसा पुढे कुठे गेला हे कोण पाहतो? फिरवत राहिल्यास 100 रुपयांवर सहाशेहून अधिक रुपयांचा डोलारा उभा राहू शकतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. टक्केवारी स्थिर ठेवली तरी भाव चढला की कर्ज आपोआप चढते. दहा ग्रॅमला 50 हजार असताना 75 टक्क्यांनी साडेसदतीस हजार मिळत. एक लाख झाल्यावर 75 हजार मिळतात. दागिना तोच, शेतकरी तोच, उसाचे बिल तेवढेच. फेडण्याची ताकद दुप्पट झालेली नाही. त्या एक लाखावरून भाव 20 टक्के उतरला तर तारण 80 हजारांचे, आणि 85 टक्क्यांनी घेतलेले कर्ज 85 हजारांचे. मार्च 2025 अखेर बँकांची सोनेतारण कर्जे वर्षभरात दुपटीवर गेल्याचे रिझर्व्ह बँकेचीच आकडेवारी सांगते. त्यात कर्जांच्या फेरवर्गीकरणाचा भाग आहे, तरी वाढ दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

म्हणून भाव विक्रमी असताना मर्यादा 85 वर नेणे मला चुकीचे वाटते. 1863 मध्ये बँक ऑफ बॉम्बेच्या बाबतीत झाले त्याच जातीची ही चूक आहे, आकार लहान असेल. नियम उलटा हवा: भाव पाच वर्षांच्या सरासरीच्या जितका वर, मार्जिन तितके जास्त, भाव खाली आला की ते सैल. छोट्या कर्जदाराला मदत करायची असेल तर ती व्याजात आणि मुदतीत करावी, मार्जिनमध्ये नको, कारण भाव उतरल्यावर लिलावात पहिला दागिना त्याचाच जातो.

आणखी एक दार उघडे आहे. नागरी सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेची देखरेख आहे, पण पतसंस्था राज्याच्या सहकार खात्याखाली येतात. बँकेच्या दारात पहारा बसला की कर्ज पतसंस्थेच्या दाराने आत येते. आपल्या जिल्ह्यात सहकार जितका खोल रुजला आहे तितका हा धोका मोठा आहे. सहकार खात्याने सोने आणि प्लॉट यांच्या तारणासाठी रिझर्व्ह बँकेच्या बरोबरीचे नियम पतसंस्थांना लावले पाहिजेत.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. इथे बसलेल्यांपैकी बहुतेकजण कुठल्या ना कुठल्या पतसंस्थेचे किंवा सहकारी बँकेचे सभासद असतील. सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा होते. लाभांश किती, भेटवस्तू कोणती, हे विचारून आपण घरी जातो. यंदा उभे राहून तीन प्रश्न विचारा. आपल्या संस्थेचे किती कर्ज सोन्यावर आहे? किती प्लॉट आणि बांधकामांवर आहे? आणि भाव एक चतुर्थांश उतरला तर त्यातले किती वसूल होईल? उत्तर अहवालात छापून मागा. व्याजदर ठरवणारे सहाजण मुंबईत बसतात, पण आपल्या ठेवीवर कोणाला किती कर्ज दिले, हे विचारण्याचा हक्क कायद्याने तुम्हाला दिला आहे. तो वापरा.